बावीस घड्याळं, एक वेबसाइट

रोज सकाळी पहिला चहा व्हायच्या आत मी घड्याळांना किल्ली देतो. एकूण २२. सगळी एचएमटीची, सगळी किल्लीची, आणि सगळी दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावरून उतरून माझ्याकडे आलेली. बाजूची ती बारीक चकती चिमटीत धरायची, पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहायची आणि तिनं ‘पुरे’ म्हटलं की थांबायचं. तिचं ‘पुरे’ बोटांनाच कळतं. या सगळ्याला पंचवीसेक मिनिटं जातात. बायको म्हणते, इतक्या नेमानं पूजा केली असती तर एव्हाना देव भेटायला आला असता. मी म्हणतो, आला असता तर वेळ विचारायलाच.

या घड्याळांची एक वेबसाइटही आहे. २००४ साली मीच केलेली. तिला मात्र त्यानंतर १६ वर्षं मी एकदाही किल्ली दिली नाही.

केली होती ती फ्रंटपेजमध्ये. ज्यांना ते आठवत नाही त्यांनी एवढंच समजावं, की ते दिसायला वर्डचं मावसभावंड होतं. टाइप करायचं, रंग भरायचा, फोटो चिकटवायचा आणि ‘पब्लिश’ म्हणायचं. खाली एचटीएमएल नावाचं काय शिजतंय ते बघायचं कारण नाही. घड्याळ वापरणाऱ्यानं मागचं झाकण कशाला उघडावं? मायक्रोसॉफ्टनं ते १९९६ साली एका लहान कंपनीसकट विकत घेतलं होतं आणि २००३ नंतर त्याची नवी आवृत्ती काही निघाली नाही. म्हणजे मी ते शिकलो तेव्हाच ते निवृत्तीला आलं होतं. मीही फार लांब नव्हतो. आमचं जमलं.

आता त्या साइटवर काय काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं दुःख कळेल. फिकट गुलाबी पार्श्वभूमी. तीवर ‘सुस्वागतम्’ ही अक्षरं उजवीकडून निघून डावीकडे चालत जायची आणि भिंतीत शिरून पुन्हा उजवीकडून यायची. पान उघडताच बासरीसारखं काहीतरी वाजायचं. माउसच्या मागे मागे एक घड्याळ फिरायचं, काट्यांसकट. त्यामुळे कुठल्याही दुव्यावर बोट ठेवायला गेलं की आधी ते घड्याळ येऊन बसायचं. खाली भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा काउंटर. त्याखाली ‘ही साइट ८०० बाय ६०० मध्ये उत्तम दिसेल’ अशी सूचना, म्हणजे नीट दिसलं नाही तर दोष तुमच्या पडद्याचा. वर आमचा तिघांचा महाबळेश्वरचा फोटो. जुन्या लग्नपत्रिकेत कसा वर गणपती, मग कुलदैवत, मग निमंत्रक, त्यांचे बंधू, बंधूंचे व्याही, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चार पोरं, आणि या सगळ्यांच्या गर्दीत कुठेतरी मुहूर्त! माझ्या पहिल्या पानावर मुहूर्तच राहिला होता. ही साइट घड्याळांची आहे हे कळायला तीन पडदे खाली उतरावं लागे.

काउंटरवरचा आकडा ११४३ होता. तो बघायला पहिली काही वर्षं मी रोज जायचो, आणि मी गेलो की तो वाढायचा.

२०२० च्या टाळेबंदीत बेळगावच्या आत्याच्या हाती मोबाइल आला. वय ८१. दोन महिन्यांत तिनं सकाळचे फुलांचे निरोप, दुपारचे आयुर्वेदाचे निरोप आणि रात्रीचे देवाचे निरोप पाठवून संपवले, तेव्हा मी तिला कौतुकानं माझ्या साइटचा पत्ता पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवला की त्याच्याबरोबर पानाचं नाव आपोआप येतं. आलं: ‘न्यू पेज १’.

नवीन पान उघडलं की फ्रंटपेज त्याला तात्पुरतं हेच नाव द्यायचं, बारशाच्या आधी बाळाला ‘बाळ’ म्हणावं तसं. मी बारसं केलंच नव्हतं. पुढच्या पानांचंही नाही. न्यू पेज २, न्यू पेज ३. हे नाव पानाच्या अंगावर कुठे दिसत नाही, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. पण शोधणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसतं. एसटीच्या कपाळावर ‘कोल्हापूर–सांगली’ लिहायच्या जागी ‘बस’ लिहिलं तर कोण चढेल?

आत्याचा फोन आला. “अरे, हे कुठल्या भाषेत लिहिलंयस?”

मराठीतच लिहिलं होतं. पण २००४ ची मराठी. त्या काळी कम्प्युटरवर मराठी उमटवायची एक युक्ती होती. फॉन्ट करणारे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार काढून ठेवत. कम्प्युटरच्या मनात इंग्रजी ‘के’ असायचा, त्याच्या अंगावर फक्त ‘क’चा अंगरखा. तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर मराठी. नसेल तर अंगरखा गळून पडायचा आणि खाली उरायचे इंग्रजी अक्षरांचे, टक्क्यांचे आणि डॉलरचे ढीग. म्हणून मी पानाच्या डोक्यावर ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ असं लिहिलं होतं. त्याच फॉन्टमध्ये.

ते ढीग घेऊन मी १६ वर्षं बसलो होतो. गूगलवर कुणी ‘घड्याळ’ शोधलं तर मी सापडणं शक्यच नव्हतं, कारण माझ्या पानावर ‘घड्याळ’ हा शब्द नव्हताच. त्याचं चित्र तेवढं होतं, तेही माझ्याच घरी. एव्हाना यूनिकोड येऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यात ‘घ’ला ‘घ’ म्हणूनच स्वतःचा आकडा असतो, फॉन्ट कुठलाही असो. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट तर आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेला. कवी आणि सुलेखनकार माणसानं अक्षरं घरपोच आणून दिली होती, आणि मी अजून डॉलरच्या ढिगात.

पुण्याच्या भाचीला फोन केला. ती हेच काम करते. तिनं जुना मजकूर यूनिकोडमध्ये बदलून देणारं एक साधन सांगितलं, आणि वर बजावलं, “मामा, बदलून झालं की एकेक ओळ वाच. ऱ्ह आणि ऱ्य मोडतात.” मोडलेच होते. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं होतं, आणि ‘काट्यांच्या’मध्ये कुणीतरी काटा काढून घेतला होता. फ्रंटपेज केव्हाच गेलं होतं, म्हणून मी फाइली नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त केल्या आणि साठवल्या. दुसऱ्या दिवशी उघडल्या तर सगळं पान प्रश्नचिन्हांनी भरलेलं. ‘जनता’ या घड्याळाच्या नावाची जागा चार प्रश्नचिन्हांनी घेतली होती. माझा जुना नोटपॅड साठवताना खाली ‘एएनएसआय’ की ‘यूटीएफ-८’ असं विचारायचा, आणि मी त्याला पहिला दिसेल तो पर्याय द्यायचो, लग्नात ‘पुरी घ्या’ म्हटल्यावर न बघता ‘हो’ म्हणतात तसा. यूटीएफ-८ घ्यायचं. हे मी आता हाताच्या तळव्यावर गोंदवून घेणार आहे.

भाचीनं आणखी एक बारीक गोष्ट करायला लावली, आणि ती मला सगळ्यात आवडली. पानाच्या सुरुवातीला पानाची भाषा लिहायची जागा असते. तिथं फ्रंटपेजनं आपणहून ‘इंग्रजी, अमेरिका’ लिहून ठेवलं होतं. ते खोडून मराठीचा ‘एमआर’ लिहिला. काही चांगल्या फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन वळणं असतात, एक हिंदीचं आणि एक आपलं. पानानं स्वतःला मराठी म्हणवलं की फॉन्ट आपोआप आपल्या वळणाचा ‘ल’ काढतो. माझ्या डोळ्यांदेखत ‘किल्ली’तला ‘ल’ बदलला. मी बायकोला बोलावून दाखवलं. तिला फरक दिसला नाही, पण तिनं मान डोलावली. ३८ वर्षांच्या संसारात एवढं येतंच.

ओळींमधलं अंतरही वाढवलं. इंग्रजीला जेवढी जागा पुरते तेवढ्यात देवनागरी बसवली की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन अडकते, दोरीवरच्या कपड्यांसारखी. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर ठेवलं आणि कपडे सुटे झाले.

आत्याचा दुसरा फोन. “आता मराठी दिसतंय. पण मुंगीनं लिहिलंय का?” फोन माझं जुनं ८०० ठिपक्यांचं पान अख्खं तेवढ्याशा पडद्यात कोंबून दाखवत होता. त्यावर ‘पडद्याएवढीच रुंदी धर’ असं सांगणारी एक ओळ असते ती टाकली, आणि माझ्या तक्त्यांच्या ठोक रुंद्या काढून टाकल्या. त्यात एक संध्याकाळ गेली, सांगण्यासारखं काही नाही.

तिसरा फोन मात्र सांगितलाच पाहिजे. “जनताच्या पानावर फोटो नाहीत, नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत.” मी म्हटलं, अशक्य. माझ्याकडे दिसतायत. भाचीनं बघितलं आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “मामा, तुझे फोटो तुझ्या सी ड्राइव्हमध्ये आहेत.”

झालं होतं असं, की फोटो चिकटवताना मी त्यांचा पत्ता माझ्याच कम्प्युटरच्या सी ड्राइव्हमधला देऊन ठेवला होता. जो पाहुणा येईल त्याला माझं पान म्हणायचं, तुमच्याच घरी जा, सी ड्राइव्ह उघडा, ‘घड्याळं’ नावाच्या फोल्डरातून फोटो घ्या आणि बघा. चहाला बोलावून साखर तुमच्याच डब्यातली घ्या म्हणण्यातला प्रकार. आणि मी आतली पानं बघायचो ती माझ्या कम्प्युटरवरची प्रत उघडून. तिथं साखर होतीच. सोळा वर्षं मी माझ्याच घरी, माझ्याच डब्यातली साखर खाऊन, जगाला चहा गोड लागतोय असं समजत होतो.

पत्ते दुरुस्त केल्यावरही तीन फोटो रुसून बसले. फाइलीचं नाव ‘पायलट’ मोठ्या ‘पी’नं, पानावर लिहिलेलं लहान ‘पी’नं. विंडोजला दोन्ही सारखेच. पण ज्या दूरच्या कम्प्युटरवर साइट राहते तो लिनक्सवाला निघाला आणि त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. देवनागरीनं आपल्या आयुष्यात जो भेद कधी पाळला नाही त्याच्यापायी माझं एक विमानवाल्या नावाचं घड्याळ अडकून पडावं! आता मी सगळी नावं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता देतो, आणि काहीही बदललं की शेजाऱ्याच्या फोनवर बघतो. शेजारी मला बघून फोन आधीच काढून ठेवतो.

या धांदलीत मी हौसेनं बहुतेक फोटो नव्यानं काढले, नव्या फोननं. एकेक फोटो १ कोटी २० लाख ठिपक्यांचा, चारेक एमबीचा. आत्याच्या घरी नेटवर्कची एक रेघ येते, तीही तुळशीपाशी. ती म्हणाली, “दूध उतू गेलं तरी तुझं घड्याळ अर्धंच. दहापासून दोनपर्यंतच आलंय.” पानावर रुंदी ४०० लिहिली होती मी. पण त्यानं फोटो नुसता लहान दिसतो, येतो सगळाच. वाटीभर दाखवायचं आणि आणायचं मात्र पोतं. मग प्रत्येक फोटो आधीच १२०० ठिपके रुंद करून घेतला आणि चार एमबीचे दोनशे केबी झाले. तबकडीवरचे ‘१७ ज्वेल्स’ तरीही स्वच्छ वाचता येतात. दुसऱ्या दिवशी आत्यानं विचारलं, “कांचन का नाही तुझ्याकडे? ह्यांच्याकडे होतं.” म्हणजे पान पूर्ण उतरलं होतं. कांचनला किल्ली लागत नाही, ते हाताच्या हालचालीवर चालतं, म्हणून ते माझ्या गोतावळ्यात नाही, हे मी तिला समजावलं. तिला पटलं नाही.

नंतर मी झाडू हातात घेतला. बासरी गेली. चालणारं ‘सुस्वागतम्’ गेलं. (अक्षरं लुकलुकवणारी एक खूण पूर्वी होती, ती तर २०१३ मध्ये फायरफॉक्सनंही काढून टाकली, चालणारी अक्षरं ब्राउझर अजून चालवतात, बहुधा माझ्यासारख्यांच्या भिडेखातर.) माउसमागचं घड्याळ जाताना मला वाईट वाटलं. महाबळेश्वर आतल्या पानावर गेलं. ११४३ आकडा काढताना हात थरथरला, पण त्यातले ११०० मीच होतो.

यूनिकोड झाल्यावर तीनेक महिन्यांनी गूगल माणसं पाठवू लागलं. त्यातले एक नागपूरचे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. त्यांनी ईमेल केली की तुमच्या साइटवर ब्रेल घड्याळाचं पान आहे, ते वाचायला बसलो, पण माझा फोन म्हणतो ‘डीएससीएन शून्य शून्य चार सात जेपीजी’. पुढं ‘येथे क्लिक करा’. मग ‘डीएससीएन शून्य शून्य चार आठ’. मग ‘येथे क्लिक करा’. हे काय आहे?

एचएमटीनं अंधांसाठी ब्रेल घड्याळ काढलं होतं. वरची काच झाकणासारखी उघडते आणि काट्यांवरून बोट फिरवून वेळ कळते. माझ्या संग्रहातलं मला सगळ्यात प्रिय. त्याच्यावर मी सहा फोटो टाकले होते, मजकूर मात्र दोन ओळींचा, कारण फोटोत सगळं दिसतंच की! आणि ज्या माणसासाठी ते घड्याळ केलं होतं त्याला माझं पान कॅमेऱ्याचे नंबर वाचून दाखवत होतं. मी ती ईमेल दोनदा वाचली आणि उठून गॅलरीत जाऊन आलो.

फोटोमागे दोन शब्द लिहायची सोय पहिल्यापासून असते. न दिसणाऱ्याला फोन ते वाचून दाखवतो. मी ती जागा कोरीच सोडत आलो होतो. आता लिहायला बसलो तर कळलं, की हे काही ‘घड्याळाचा फोटो’ म्हणून भागणारं काम नव्हे. ‘ब्रेल घड्याळ, काच उघडलेली, पट्टा तपकिरी, बाराच्या जागी उंचवटे.’ बरोबर आहे का? उंचवटे किती? उठलो, घड्याळ काढलं, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. पंधरा वर्षं हे घड्याळ माझ्याकडे होतं आणि मी त्याच्यावर कधी बोट फिरवून वेळ बघितली नव्हती. मग जनताची पाळी आली. एकाच्या तबकडीवर देवनागरी आकडे आहेत, हे मला नेहमीच माहीत होतं. पण त्यातला ९ कुठल्या वळणाचा आहे हे शब्दांत सांगायची वेळ आली तेव्हा भिंग घ्यावं लागलं. २२ घड्याळांना चार संध्याकाळी लागल्या. मधल्या शोभेच्या रेघांमागे मात्र काही लिहायचं नाही, जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, म्हणजे फोन त्या गपगुमान ओलांडून जातो. हेही नागपूरनंच शिकवलं. आणि ‘येथे क्लिक करा’च्या जागी ‘पायलट घड्याळाचे आतले भाग’, ‘जनताची दुरुस्ती’ असं लिहिलं. त्यांचा फोन पानावरचे नुसते दुवे ओळीनं वाचू शकतो. माझ्या पानावर तो १४ वेळा ‘येथे’ म्हणाला होता.

मधेच एकदा ब्राउझर म्हणू लागला की माझी साइट ‘सुरक्षित नाही’. आत्यानं धसका घेतला. तिला वाटलं घड्याळांतून काहीतरी निघतं. २०१८ पासून क्रोम साध्या ‘एचटीटीपी’च्या सगळ्याच पत्त्यांवर असा शिक्का मारतो. त्यावर लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण टिकतं ९० दिवस. नव्वद दिवसांनी पुन्हा! भाची म्हणाली, आता ते आपोआप होतं, तुला काही करायला नको. मला उलट बरं वाटलं होतं, हिलाही किल्ली लागते म्हणून. तरी मी कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवल्या आहेत आणि त्या दिवशी कुलपाचं चित्र आहे ना, ते बघून येतो. साइटच्या नावाचे पैसे वर्षाला भरावे लागतात, तीही तारीख तिथंच आहे, गॅसच्या नंबराशेजारी.

‘न्यू पेज ३’चं नाव बदलून ‘जनता’ केलं, पत्त्यातलंही, तेव्हा एक गोंधळ झाला, तो मी लवकर सांगून टाकतो. परदेशातल्या एका घड्याळवेड्यानं जुन्या पत्त्याचा दुवा कधीकाळी देऊन ठेवला होता, तो तुटला. घर बदललं तर पोस्टमनला सांगावं, तसं जुन्या पत्त्यावर ‘तिकडे जा’ची पाटी लावून ठेवावी लागते. लावली. माझं जुनं गुलाबी पान आता कुणाला दिसणार नाही याचं समाधान होतं, तर भाचीनं जुनी पानं जपून ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह उघडून दाखवलं. आहे तिथं, सुस्वागतम्‌सकट. अजून चालतंय.

आता राहिलं पहिलं पान. तीन ओळी लिहिल्या: ही एचएमटीच्या किल्लीच्या घड्याळांची साइट आहे, बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं हा कारखाना सुरू झाला आणि २०१६ साली सरकारनं तो बंद करायचं ठरवलं, इथली २२ घड्याळं चालू आहेत. खाली एकच फोटो हवा होता, सगळ्यांचा मिळून. जाहिरातीत घड्याळं नेहमी दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात, काटे हसरे दिसतात म्हणून. मीही ठरवलं, सगळ्यांत १०:१०. टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि एकेकाची वेळ लावत गेलो. बाविसावं लावून कॅमेरा उचलला तर पहिल्यात १०:३४ झाले होते. पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा तेच. किल्ली सकाळीच दिली होती, थांबायचं नाव कोण घेणार? बायको दारातून म्हणाली, सेल काढून ठेवा की. मी तिच्याकडे बघितलं.

शेवटी होता तसा फोटो काढला, १२०० ठिपके रुंद केला, नाव लहान अक्षरांत दिलं आणि त्यामागे शब्द लिहिले: ‘पांढऱ्या चादरीवर चार रांगांत २२ घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ, सगळी चालू.’

रात्री नागपूरहून ईमेल आली. पहिलं पान ऐकलं, छान झालंय. फक्त, बरोबर कुठलं आहे?